शाळेचे गणित, कॉलेजचे गणित आणि भाऊबीजेचे लाडू

भाऊबीजेला बहिणीकडे जेवायला गेलेल्या माणसाने आकड्यांची भाषा काढू नये, असा आमच्या घरचा जुना संकेत आहे. ओवाळणीत किती टाकायचे, एवढाच काय तो त्या दिवसाचा हिशेब! परंतु गेल्या वर्षी हा संकेत मला मोडावा लागला, आणि तोही पान वाढले जाण्यापूर्वीच.

चपला काढतो न काढतो तोच मेहुण्यांनी मला दारात गाठले. म्हणाले, "दादा, तुम्हीच आता हिला काय ते सांगा. दोन दिवस खोलीबाहेर आलेली नाही. फराळाला हात लावलेला नाही. गणित सोडते म्हणते!"

'ही' म्हणजे माझी भाची. बारावीला गणितात शंभरापैकी ९६ गुण मिळवणारी मुलगी. सगळ्यांनी इंजिनिअरिंगचा आग्रह धरला असताना 'मला गणितच शिकायचं आहे' असे ठामपणे सांगून ती बी. एस्सी.ला गेली होती. आणि कॉलेजच्या पहिल्याच चाचणीत तिला २० पैकी ६ गुण मिळाले होते. सुट्टी संपली की दुसऱ्या कुठल्या तरी अभ्यासक्रमाची चौकशी करायची, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

मी खोलीत गेलो तेव्हा ती खिडकीपाशी बसली होती. "मामा," ती म्हणाली, "मला गणित येतच नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांना फसवत होते बहुधा."

वाचकहो, तीस-बत्तीस वर्षे मी कॉलेजात गणित शिकवले. हे वाक्य मी दर वर्षी ऐकले आहे. आणि गंमत म्हणजे ते नापास होणाऱ्या मुलांकडून क्वचित, हुशार मुलांकडूनच अधिक ऐकले आहे. या दिवाळीत अनेक घरांत असा एखादा मुलगा किंवा मुलगी तोंड पाडून बसली असेल. तिच्याकरिता, आणि तिच्या आईवडिलांकरिता, त्या दिवशी आमच्यात जे बोलणे झाले ते येथे सांगतो.

नाव तेच, खेळ वेगळा

मी तिची उत्तरपत्रिका मागितली. तिने ती बॅगेच्या तळातून काढून दिली. आकडेमोड कुठेही चुकलेली नव्हती. चुकले होते ते निराळेच.

शाळेतल्या गणिताच्या प्रश्नात क्रियापद कोणते असते ते आठवून पाहा. 'काढा', 'सोडवा', 'किंमत शोधा'. रीत शिकवलेली असते. ती ओळखायची आणि बिनचूक चालवायची. प्रवेश परीक्षांनी तर याला घोड्यावर बसवले आहे. एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद! चार पर्यायांपैकी एकावर खूण करायची आणि पुढे पळायचे. का, कशावरून, हे विचारायला तेथे कोणाला सवड आहे?

कॉलेजात गेल्यावर क्रियापद बदलते. 'सिद्ध करा', 'खरे की खोटे ते सकारण सांगा', 'उदाहरण द्या', 'असे उदाहरण का मिळणार नाही ते दाखवा'. उत्तर अनेकदा प्रश्नातच छापलेले असते. गुण असतात ते त्या उत्तरापर्यंत नेणाऱ्या वाटेला. पुस्तकात पाहून चकली करणे वेगळे, आणि मोहन कमी पडले तर चकली कडक का होते हे समजणे वेगळे. दुसरी गोष्ट न येणारी बाई पहिलीत पटाईत असू शकते. पण भाजणी बदलली की तिची पंचाईत होते.

हा खड्डा आजचा नाही आणि आपल्याकडचाच आहे असेही नाही. कोकणातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, हे मराठी घराघरांत ठाऊक आहे. त्या काळची ती परीक्षा म्हणजे अवघड उदाहरणे झपाट्याने सोडवण्याची शर्यतच होती. ती शर्यत थांबवावी, म्हणून धडपडणाऱ्यांत जी. एच. हार्डी हा तरुण गणिती होता. गुणानुक्रमाची शेवटची जाहीर यादी १९०९ साली लागली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०८ साली, हार्डीने विद्यापीठात नव्याने येणाऱ्या मुलांसाठी शुद्ध गणिताचे एक पाठ्यपुस्तक लिहिले. शाळेतून आलेल्या हुशार मुलाला 'हे खरे कशावरून?' असा प्रश्न विचारायला शिकवणे, हा त्या पुस्तकाचा गाभा आहे. पुढे १९१३ साली मद्रासच्या एका कारकुनाचे प्रमेयांनी भरलेले पत्र याच हार्डीला आले, तेव्हा थक्क होऊनही त्याने पहिली मागणी केली ती सिद्धतांचीच. तो कारकून म्हणजे रामानुजन!

"तेव्हा," मी भाचीला म्हटले, "सिद्धता मागितली म्हणून तू एकटीच अडलेली नाहीस. बाहेर चल. आज मार्कांचं नाव काढायचं नाही. मी काही प्रश्न घालतो. त्यांना बारावीच्या वरचं गणित लागत नाही."

प्रश्न पहिला : रांगोळीचा

अंगणात बहिणीने रांगोळी काढून ठेवली होती. शेजारी मी एक वर्तुळ काढले. परिघावर २ ठिपके दिले आणि जोडले. वर्तुळाचे २ भाग झाले. ३ ठिपके सर्व बाजूंनी जोडले, ४ भाग. ४ ठिपक्यांचे ८ भाग. ५ ठिपक्यांचे १६.

"आता ६ ठिपक्यांचे किती?" मी विचारले.

"३२," भाची म्हणाली. तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "३२." मेहुणेही म्हणाले, "३२!"

"मोजा."

तिघेही खाली बसले. मोजले, पुन्हा मोजले. ३१ च भरले. (ठिपके अगदी सारख्या अंतरावर असतील तर तीन रेघा मध्यभागी एकाच ठिकाणी मिळतात आणि ३० च भाग पडतात. कशाही रेघा ओढल्या तरी ३१ च्या वर आकडा जात नाही.)

चार वेळा खरी ठरलेली गोष्ट पाचव्या वेळी खोटी ठरली! मग खरे काय आहे? नीट पाहा. सुरुवातीला वर्तुळ म्हणजे १ भाग. प्रत्येक नवी रेघ १ भाग वाढवते. शिवाय ती जितक्या जुन्या रेघांना आत छेदते, तितके आणखी भाग वाढवते. ६ ठिपक्यांच्या रेघा १५. कोणतेही ४ ठिपके घेतले की आत एक छेद मिळतो. ६ मधून ४ ठिपके १५ प्रकारे निवडता येतात, म्हणून छेदही १५. बेरीज १ + १५ + १५ = ३१. हेच ५ ठिपक्यांना लावा : १ + १० + ५ = १६. आता आकडा का येतो ते कळले. तो नुसता जुळला नाही.

याच जातीचे दुसरे उदाहरण थोर गणिती ऑयलर याने १७७२ साली दिले. कोणतीही संख्या घ्या, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. ० पासून सुरुवात केली तर ४१, ४३, ४७, ५३, ६१, ७१ अशा मूळ संख्या येत जातात. ३९ पर्यंत, म्हणजे ४० वेळा, मूळ संख्याच येते. ४० घातले की मात्र फसगत : ४० × ४० + ४० + ४१ म्हणजे ४१ × ४१! चाळीस साक्षीदार एकमुखाने बोलले, तरी एकेचाळिसावा उलटू शकतो. गणितात साक्षी चालत नाहीत. सिद्धता लागते, ती यासाठी.

प्रश्न दुसरा : चार पत्त्यांचा

पाने वाढेपर्यंत मी चार कागद टेबलावर मांडले. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. वर दिसत होते : अ, क, ४, ७. नियम असा : 'एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो.' हा नियम खरा आहे की नाही ते ठरवायला नेमके कोणते कागद उलटावे लागतील?

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे.

आमच्या घरात सर्वांनी 'अ आणि ४' असे सांगितले. पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली असेच कोडे मांडले, तेव्हापासून जगभर बहुतेक लोक असेच चुकत आले आहेत. ४ उलटून काही उपयोग नाही. मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनामागे काय असावे याविषयी नियम अवाक्षर काढत नाही. उलटायचे ते अ आणि ७. सातामागे स्वर निघाला तर नियम मोडला.

'जर अमुक तर तमुक' याचा अर्थ 'जर तमुक तर अमुक' असा होत नाही. व्यत्यास स्वतंत्रपणे तपासावा लागतो. ऐकायला किती साधे! पण भाचीच्या उत्तरपत्रिकेत सर्वांत जास्त गुण याच खड्ड्यात गेले होते. तिला वर्गात शिकवले होते की, अनंत पदांची बेरीज सांत असेल तर पदे शून्याकडे जातात. तिने पेपरात लिहिले की, पदे शून्याकडे जातात, म्हणून बेरीज सांत आहे. तिने ४ चा कागद उलटला होता!

मी तिला १ + १/२ + १/३ + १/४ … ही बेरीज करायला सांगितली. पदे शून्याकडे जातात, हे खरे. पण १/३ आणि १/४ मिळून १/२ हून जास्त. १/५ ते १/८ या चार पदांची बेरीज पुन्हा १/२ हून जास्त. त्यापुढची आठ पदे, मग सोळा पदे. प्रत्येक टोळी १/२ हून अधिक घालते. अर्धे अर्धे असे कितीदाही मिळवता येते. तेव्हा बेरीज कोणत्याही मर्यादेत राहत नाही. चौदाव्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच पंडिताने ही युक्ती दाखवली.

भाची बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "हे मला येत नव्हतं असं नाही. हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं."

प्रश्न तिसरा : एका अक्षराची चूक

जेवताना गणित नको, असे बहिणीने बजावले होते. तो नियम पाळला. विडा झाल्यावर तिसरा प्रश्न काढला. दोन विषम संख्यांची बेरीज सम असते, हे सिद्ध करा.

भाचीने झटकन लिहिले : विषम संख्या म्हणजे २क + १. दोन्हींची बेरीज ४क + २. ही सम आहे. झाले!

"कोणत्या दोन संख्या घेतल्यास?"

"कोणत्याही."

"३ आणि ७ घे. क किती?"

ती थबकली. पहिल्यासाठी क = १; दुसऱ्यासाठी क = ३. एकच अक्षर दोघांना दिल्यामुळे तिने ३ आणि ३, ७ आणि ७ अशा सारख्या जोड्यांपुरतेच सिद्ध केले होते! दुसऱ्या संख्येला २ख + १ म्हणायला हवे. मग बेरीज २ × (क + ख + १), आणि ती सम, हे उघड. फरक एका अक्षराचा. पण 'कोणतीही' या शब्दाची किंमत त्या एका अक्षरात आहे. शाळेत अक्षर म्हणजे शोधून काढायचा आकडा. कॉलेजात अक्षर म्हणजे ज्याच्याविषयी बोलतो आहोत त्याचे नाव. आणि दोन वेगळ्या माणसांना एकच नाव देऊन कसे चालेल?

प्रश्न चौथा : कुलूप आणि किल्ली

ही दोन वाक्ये वाचा.

'प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे.'

'एक किल्ली अशी आहे की ती प्रत्येक कुलपाला लागते.'

शब्द जवळपास तेच, क्रम बदलला. आणि पहिल्या वाक्याने घर सुरक्षित राहते, तर दुसऱ्याने चोराचे फावते! आता गणितात या. 'प्रत्येक संख्येपेक्षा मोठी अशी एक संख्या असते' हे खरे. 'एक संख्या अशी आहे की ती प्रत्येक संख्येपेक्षा मोठी आहे' हे साफ खोटे.

पहिल्या वर्षाच्या मुलांना घाम फोडणारी सीमेची व्याख्या, जिला एकोणिसाव्या शतकात वायरश्ट्रास याने आजचे काटेकोर रूप दिले, ती याच घाटाची आहे. तू म्हणशील तितकी बारीक चूक चालेल असे सांग. मी तुला असे अंतर देतो की, त्या अंतराच्या आत चूक तेवढीच राहील. आधी तुझी पाळी, मग माझी. पाळी उलटली की अर्थ उलटला. म्हणून व्याख्या पाठ करताना 'प्रत्येक' आणि 'असा एक' हे शब्द कोणत्या क्रमाने आले आहेत, त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. मी विद्यार्थ्यांना नेहमी हेच करायला लावीत असे.

प्रश्न पाचवा : युक्लिडची वाट

मूळ संख्या कधी संपत नाहीत, हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले. समजा त्या संपल्या. मग सर्वांचा गुणाकार करा आणि १ मिळवा. या नव्या संख्येला यादीतल्या कोणत्याही मूळ संख्येने भागले तर बाकी १ उरते. पण १ हून मोठ्या प्रत्येक संख्येला कोणती तरी मूळ संख्या निःशेष भागतेच. म्हणजे यादीत नसलेली एक मूळ संख्या निघाली. यादी पुरी नव्हती.

आता प्रश्न : गुणाकारात १ मिळवून आलेली संख्या स्वतः मूळच असते का? अनेक मुले 'हो' म्हणतात. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१; आणि ३००३१ = ५९ × ५०९. मूळ नाही! तरीही युक्लिडला धक्का लागत नाही, कारण ५९ आणि ५०९ या यादीबाहेरच्याच आहेत. सिद्धतेत जे म्हटले आहे तेवढेच वाचायचे, पदरचे घालायचे नाही, हा याचा धडा.

प्रश्न सहावा : लाडवांचा

हा प्रश्न मी ताटाकडे पाहून घातला, आणि वाचकांनाही घालतो. 'ताटातले सर्व लाडू सारख्याच वजनाचे असतात' याची सिद्धता अशी. एकच लाडू असेल तर प्रश्नच नाही. समजा, कोणतेही क लाडू सारखे असतात हे कळले. आता क + १ लाडू ओळीने ठेवा. पहिला उचला, उरलेले क सारखे. तो परत ठेवून शेवटचा उचला. उरलेले क सारखे. म्हणून सगळेच सारखे. एकावरून दोन, दोनांवरून तीन, असे करीत कितीही लाडू!

"माझे लाडू सारखे होत नाहीत हे मला ठाऊक आहे," बहीण आतून म्हणाली. मग सिद्धतेत चूक कोठे? भाचीला मी उत्तर सांगितले नाही. शेवटी सांगेन.

सराव कसा करावा

बारावीची परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत दोन-तीन महिने मिळतात. त्या काळात पुढच्या वर्षाचे पुस्तक पाठ करण्यापेक्षा असे प्रश्न हाताळावेत. पहिले सत्र सुरू झाले असले तरी उशीर झालेला नाही. दिवसाला एकच प्रश्न पुरे. पण त्यावर तासभर बसावे. उत्तर पूर्ण वाक्यांत लिहावे, आणि गणित न येणाऱ्या घरच्या माणसाला वाचून दाखवावे. 'म्हणून' हा शब्द आला की त्याने 'कशावरून?' एवढेच विचारावे. या कामाला आजीइतके चांगले परीक्षक नाहीत.

प्रश्न मिळवणेही अवघड नाही. भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई गणित संस्था यांच्या पदवी प्रवेश परीक्षांत सविस्तर, सकारण उत्तरे लिहावी लागतात. त्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका कोणालाही पाहता येतात. प्रवेश घ्यायचा नसला तरी त्या सरावाला उत्तम. १९९३ पासून एम.टी.टी.एस. या नावाने कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग भरत आले आहेत; तेथे भर असतो तो मुलांनी स्वतः विचार करण्यावर.

आणि पालकांना एक विनंती. संध्याकाळी 'किती मार्क पडले?' असे विचारण्याऐवजी 'आज कुठे अडलास?' असे विचारून पाहा. शाळेच्या गणितात अडणे हे अपयश असते. पुढच्या गणितात अडणे हाच रोजचा उद्योग असतो. मीही उभ्या आयुष्यात जितका वेळ गणितात सुटलो, त्याच्या कितीतरी पट अडलो आहे.

निघताना भाचीने ओवाळणीचे पाकीट बाजूला ठेवले आणि प्रश्नांचा कागद मागून घेतला. दुसऱ्या अभ्यासक्रमाचे काय, असे मी विचारले नाही.

चार दिवसांनी रात्री साडेअकराला हॉस्टेलवरून तिचा फोन आला. "मामा, दोन लाडवांपाशी अडतं! तीन किंवा जास्त असले की मधले लाडू दोन्ही गटांत येतात, म्हणून दोन्ही गट एकमेकांना बांधले जातात. दोनच असले तर पहिला उचलल्यावर दुसरा एकटा उरतो आणि दुसरा उचलल्यावर पहिला एकटा. मध्ये कोणीच नाही! एकावरून दोनावर जाताच येत नाही."

"कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. चार दिवस बसले होते."

पुढच्या चाचणीत तिला २० पैकी ११ मिळाले. मेहुण्यांना ते अजून कमीच वाटतात. पण ती आता दुसऱ्या वर्षाला आहे, गणितालाच आहे; आणि या भाऊबीजेला म्हणे मामाला घालायला तिने स्वतःचा एक प्रश्न तयार ठेवला आहे. मी अडलो तर बरे होईल, असे मला मनापासून वाटते.